बोटीवर सुट्टी काढण्याआधी आत्याचा कानमंत्र

क्रूझवर जायचं ठरवलंस, उत्तम केलंस. आता मोबाइलमधल्या जाहिराती जरा बाजूला ठेव आणि इकडे ये. साडेपाच हजार उतारूंची वीस मजली बोट हीही क्रूझच, आणि वाराणसीहून दिब्रुगडला छत्तीस माणसं घेऊन जाणारी गंगाविलास हीही क्रूझच. जाहिरातीत दोन्हींचा सूर्यास्त सारखाच दिसतो. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याला.

१. आधी स्वतःला एकच विचार: मला बोट हवीय की बंदरं? — बोटीवरच रमायचं असेल तर मोठी घे, गावं पालथी घालायची असतील तर लहान. दोन्ही एकाच तिकिटात मागणारा दोन्हीकडे रांगेत उभा राहतो.

२. कोण कोण येणार, कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाला रात्री चारदा उठावं लागतं, हे कागदावर लिही आणि मगच बोट बघ — फोटो बघून बोट ठरवली की माणसं तिच्यात कोंबावी लागतात.

३. पहिलीच खेप असेल तर तीन रात्रींच्या पुढे जाऊ नकोस — तुला बोट लागते की नाही, हे अजून तुलाही ठाऊक नाही. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस या परीक्षेला बरी, पासपोर्टही लागत नाही.

४. मात्र तिच्याकडून कोऱ्या बोटीची अपेक्षा धरू नकोस — ती १९९० साली बांधलेली. तेव्हाच्या बोटींत खोल्या आटोपशीर आणि बाल्कन्या मोजक्याच, कारण बाल्कनीचं वेड तोवर आलं नव्हतं.

५. लक्षद्वीपच्या नावावर तिकीट काढलंस तर मन थोडं सैल ठेव — मोठी बोट बेटाला लागत नाही, ती बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनारा गाठायचा असतो. लाट चढली तर बेट लांबूनच बघायचं आणि भजी खायची.

६. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जायचं नाही — गेली काही वर्षं मुंबईची बोटसुद्धा त्या दिवसांत चेन्नईला हलते. आपला नियम सोपा ठेव: कोळी घरी, तर आपणही घरी.

७. बोटीचे टन बघायला शीक — हे टन वजनाचे नसतात, बोटीच्या पोटात एकूण जागा किती त्याचं ते माप असतं. त्याला उतारूंच्या संख्येने भागलं की माणशी किती ऐसपैस ते कळतं. आयकॉन ऑफ द सीज सुमारे २ लाख ४८ हजार टनांची, खोलीत दोघं धरून ५,६१० उतारू, म्हणजे भागाकार ४४. क्वीन मेरी २ चा ५५ च्या आसपास येतो. तीसच्या खाली आला, तर नाश्त्याची ताटली हातात घेऊन खुर्ची शोधायची तयारी ठेव.

८. पोरं सात ते पंधराच्या मधली असतील तर मुकाट्याने मोठी बोट घे — घसरगुंड्या, पूल, खेळ यांत ती दिवसभर दिसणार नाहीत आणि भूक लागली की आपोआप उगवतील. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटी आपल्याला सोयीच्या पडतात, कारण भारतीय आणि जैन जेवणाची तिथल्या स्वयंपाकघरांना चांगली सवय आहे.

९. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर मुलांच्या क्लबवर बेत आखू नकोस — लंगोट सुटलेला नसेल तर बहुतेक क्लब घेत नाहीत. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक मोठ्या कंपन्या बोटीवरच घेत नाहीत.

१०. घरात कुणाला दिवस गेले असतील तर आठवडे मोजून तारीख घे — चोविसावा आठवडा लागला की बऱ्याच कंपन्या चढूच देत नाहीत. आनंदाची बातमी धक्क्यावर अडायला नको.

११. उलट तुम्ही दोघंच शांततेला जाणार असाल, तर वयाची अट वाच — वायकिंगच्या बोटींवर अठराच्या खालचं कुणी नसतं. शांतता विकत मिळते, पण आधी मागावी लागते.

१२. मोठ्या बोटीवर चढल्या दिवशीच खेळांच्या नि जेवणाच्या वेळा पक्क्या करून टाक — उद्या करू म्हणणाऱ्याला रात्री साडेनऊचं जेवण मिळतं, आणि तुझ्या सासऱ्यांना साडेसातला लागतं.

मोठ्या बोटीला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. गर्दी, गोंगाट, समुद्र दिसतच नाही, वगैरे. ऐकून घे आणि सोडून दे. सासू-सासरे, दीर, नणंद, पोरंटोरं असा पंधरा जणांचा गोतावळा असेल, तर तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. रोज सामान बांधायचं नाही, कुणी स्वयंपाकाला अडकत नाही, आणि ज्याने त्याने आपापल्या मजल्यावर जाऊन रुसावं. गावं बघायची असली की मात्र या बोटीचं सोंग उघडं पडतं. ते असं:

१३. शहराचं नाव वाचू नकोस, बंदराचं वाच — रोम म्हणून लिहिलेलं असतं आणि बोट लागते चिवितावेक्कियाला, सुमारे ८० किलोमीटर अलीकडे. पॅरिस म्हणतात नि उतरवतात ल हाव्रला, तिथून पॅरिस २०० किलोमीटर. नकाशावर राजधानी, धक्क्यावर बस.

१४. व्हेनिससाठी मोठी बोट घेत असशील तर थांब — ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या बोटींना सान मार्कोच्या समोरून जायला बंदी आहे. डेकवरून घुमट दिसतायत असा फोटो कुणी दाखवला तर त्याचं साल विचार.

१५. कार्यक्रमपत्रिकेत कुठे ‘टेंडर’ लिहिलंय ते शोध — म्हणजे बोट बाहेर नांगरणार आणि हलत्या छोट्या बोटीत पाय टाकून उतरावं लागणार. सॅन्टोरिनीला तसंच असतं, वर आणखी गावात जायला रोपवेची रांग, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. गुडघेवाल्यांनी त्या दिवशी बोटीवरच पत्ते कुटावेत.

१६. उतरलीस की परतायची वेळ बोटीच्या घड्याळाची धर, मोबाइलची नाही — किनाऱ्याची वेळ तासाने वेगळी असू शकते आणि मोबाइल ती गुपचूप बदलतो. बोटीला घड्याळ असतं, काळीज नसतं.

१७. मोठी बोट नको असेल तर वेगळ्या तऱ्हेच्या बोटी बघ. वारा आणि शीड आवडणाऱ्यांनी रॉयल क्लिपर बघावी — पाच डोलकाठ्या, ४२ शिडं, २२७ उतारू, आणि पुढच्या सोंडेखालच्या जाळीत आडवं पडून खाली पाणी बघता येतं. पण ती हलते, आणि संध्याकाळचा भपकेदार तमाशा तिथे मिळत नाही. जावईबापूंना रोज शो लागत असेल तर नको.

१८. ‘सगळं समाविष्ट’ असलेली श्रीमंती बोट घेण्याआधी घरात पितं कोण ते मोज — दारू तिकिटातच धरलेली असते. तुम्ही ताकवाली माणसं, शेजारच्या टेबलाची वाइन तुमच्या पैशांनी कशाला?

१९. अंटार्क्टिकाचं खूळ डोक्यात असेल तर पाचशेच्या आतल्या उतारूंचीच बोट घे — त्याहून मोठ्या बोटीवरून कुणाला बर्फावर उतरवत नाहीत. उतरतानाही एका जागी एका वेळी शंभरच जण, म्हणून दोनशेच्या आतली असेल तर सगळ्यांत बरं. उश्वायाहून निघाल्यावर ड्रेक सामुद्रधुनीत दोन दिवस जातात, त्या दोन दिवसांत काही माणसं देवाचं नाव घेतात.

२०. नाचगाणी नकोत, रोजचं जगणं बघायचं असेल तर नॉर्वेची हुर्टिगरूटन — माल नि माणसं नेणारी ही बोट १८९३ पासून चालतेय, आता बर्गन ते किर्केनेस ३४ बंदरं घेते. काही बंदरं मध्यरात्री येतात आणि पंधरा मिनिटांत जातात. झोपेच्या बाबतीत काटेकोर माणसाने विचार करावा.

आता नदी. इथे जरा टेक, कारण आईबाबांना न्यायचंय म्हणालीस.

२१. सत्तरीच्या माणसांना नदीचीच बोट दे — पाणी संथ, बोट लागायची भीती जवळजवळ नाही, दोन्ही काठ दिसत राहतात आणि उतरलं की बहुतेकदा गावच. ऱ्हाईन-डॅन्यूबवरच्या बोटींत दीडशे-दोनशे माणसं असतात, त्यामुळे बाबा गप्पांत हरवले तरी दहा मिनिटांत सापडतात.

२२. तिथे ऐसपैस खोली मागू नकोस — ऱ्हाईन आणि डॅन्यूब जोडणाऱ्या कालव्याचे लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणाऱ्या कोठ्या, बारा मीटर रुंद, म्हणून बोट साडेअकरा मीटरच्या आतच बांधतात. लांबी १३५ मीटरपर्यंत वाढते; रुंदीला जागाच नाही.

२३. सगळ्यांत खालच्या मजल्याची खोली स्वस्त दिसली तरी आईबाबांना नको — खिडकी छतालगत, पाण्याच्या जरा वर, आणि लिफ्ट बऱ्याचदा तिथपर्यंत जातच नाही.

२४. नदीला पाणी किती असेल त्या हिशोबाने महिना धर आणि पाणी आटलं तर काय करता ते कंपनीला लेखी विचार — ऑगस्ट २०२२ मध्ये ऱ्हाईन काउबपाशी इतकी उतरली होती की वाहतुकीचे हाल झाले. पाणी फार चढलं तरी पंचाईत, बोट पुलाखालून जात नाही. दोन्ही वेळी उतारूंना बसमध्ये बसवतात.

२५. नाईलवर खिडकीसाठी जादा पैसे मोजण्याआधी इतकं जाणून घे: लक्सर-अस्वानला बोटी एकीला एक लावून चार-चार उभ्या करतात — रात्री पडदा सरकवलास तर समोर नाईल नसते, दुसऱ्या बोटीतला एक गृहस्थ दात घासत असतो. काठावर जायला तीन अनोळखी बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जावं लागतं. चालत्या बोटीवरचा वेळ डेकवर काढायचा, खोली फक्त झोपायला.

२६. एस्नाच्या लॉकला बोट थांबली की आईला डेकच्या मधोमध बसव — छोट्या होड्यांतून विक्रेते टेबलक्लॉथ आणि झगे थेट वर फेकतात आणि खालून भाव ओरडतात. नको असेल तर घडी न मोडता परत फेकायचं. आई घासाघीस सुरू करेल. करू दे, तिच्या सहलीतला तो सगळ्यांत चांगला अर्धा तास असेल.

२७. इजिप्तला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा आणि देवळं सकाळीच उरकून घे — उन्हाळ्यात अस्वान चाळिशी ओलांडतं. आणखी निवांत हवं असेल तर शिडाची दहाबिया बघ. खोल्या मोजक्याच, आणि मोठ्या बोटी जिथे थांबत नाहीत अशा सिल्सिलासारख्या जागी ती लागते.

२८. गंगाविलासचा ५१ दिवसांचा आकडा ऐकून दचकू नकोस — सगळा प्रवास एका दमात करणारे थोडे. आपल्या रजेत बसणारा नदीचा छोटा टप्पा बघ.

२९. समुद्रावर गेलीस तर खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घे — हेलकावे तिथे कमीत कमी. एसटीच्या मागच्या बाकावर बसून आंबा घाट उतरलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

३०. खोलीच्या डोक्यावर काय आणि पायाखाली काय ते नकाशात बघ — वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. वरखाली खोल्याच असल्या की झोप आपली.

३१. बाल्कनी तीन रात्रींसाठी नको. नॉर्वेच्या फियोर्डला किंवा अलास्काला मात्र घे — तिथे बघण्यासारखं सगळं बोटीच्या अंगालगत आणि वेळी-अवेळी येतं. गोव्याच्या वाटेवर रात्री बाल्कनीतून दिसतो तो काळोख.

३२. सासूबाईंना बिनखिडकीची खोली देऊ नकोस — पैसे वाचतील, पण पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

३३. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट हलायच्या आधी घे — मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशी राहू नकोस, आलेपाकाची वडी चघळ, मोबाइल खाली ठेव आणि क्षितिजाकडे बघ.

३४. तिकिटाचा आकडा हा अर्धाच आकडा धर — अमेरिकी कंपन्या बक्षिसीच माणशी रोज १६ ते २० डॉलर लावतात, वर बंदराचे कर, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली. दोन बोटींची तुलना करताना हे सगळं मिळवून एका रात्रीला किती पडलं ते काढ. स्वस्त बोट महाग होते ती अशीच, चहाच्या कपाकपाने.

३५. बोट सुटली की मोबाइल फ्लाइट मोडवर टाक — भर समुद्रात तो बोटीचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

३६. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा घे — दुसऱ्या देशाचं बंदर करून परतलीस की तो नवा प्रवेश धरतात. सिएटलहून अलास्का करणाऱ्या बोटी व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणजे अमेरिकेच्या जोडीला कॅनडाचाही बघ.

३७. विम्यात बोटीवरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च आहे ना, ते बघ — बोटीवरचा डॉक्टर पैसे घेतो, आणि हेलिकॉप्टर तर घेतंच.

३८. शाकाहारी म्हणजे नेमकं काय ते बुकिंगच्या वेळी लिहून कळव — युरोपी बोटीवर भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं. मेतकूट, चटण्या बंद पाकिटातल्याच ने. पण इस्त्री नि किटली घरी ठेव, आगीच्या भीतीने काढून घेतात.

३९. सॅनिटायझरवर विसंबू नकोस, साबणाने हात धू — बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला दाद देत नाही. बुफेच्या डावाला शंभर हात लागलेले असतात.

४०. लाइफजॅकेटची कवायत टाळू नकोस, बाबांनाही झोपेतून उठवून ने — १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चिवितावेक्कियाला चढलेल्यांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. आता ती बोट सुटतानाच होते, ती याच कारणाने.

४१. खोली आवरणाऱ्याला पहिल्या दिवशीच नाव-गाव विचार — गोव्याचा तारवटी किंवा आपल्या कोकणातला मुलगा निघायची शक्यता बरीच. घर सोडून महिनोन्‌महिने राबतात ही मुलं. निघताना पाकीट हातात दे, आणि आईला त्याच्याशी मालवणीत बोलू दे.

४२. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आधी बाहेर काढून ठेव — बॅगा मध्यरात्री जातात त्या थेट धक्क्यावरच भेटतात. जावईबापूंना हे दोनदा सांग.

४३. आणि पैसे भरण्याआधी आईला आणि बाबांना वेगवेगळं गाठून विचार की खरंच यायचंय का — एकत्र विचारलंस तर दोघंही एकमेकांसाठी हो म्हणतील. त्यांची उत्तरं मिळाली की मला फोन कर, दुपारी चारनंतर.